ट्रेलरचे ब्रेक आणि नवशिका

अमेरिकेत मोटारीमागे ट्रेलर जोडून माल नेणारे कित्येक जण त्याच्या ब्रेकची देखभाल घरीच करतात. उतारावर भरलेला ट्रेलर पुढील गाडीला ढकलू लागतो. म्हणून हे काम निव्वळ हौसेचे नव्हे. नवशिक्याने सपाट जागी, जमिनीवरील चाकांना ठोकळे लावूनच ट्रेलर उचलावा आणि तो केवळ जॅकच्या भरवशावर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावा.

ड्रम निघताच आतील भुकटी फुंकून टाकण्याचा मोह होतो. जुन्या ब्रेकशूच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते. भुकटी ओल्या फडक्यानेच पुसावी. अस्तरात ग्रीस मुरले असल्यास ते धुऊन पुन्हा बसवणे, ही बचत वहीत जमेच्या बाजूस लिहिता येत नाही. सील बदलावे, शूही दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. अन्यथा ट्रेलर एकीकडे ओढतो. विजेवरील ब्रेक असल्यास त्यातील चुंबकाची झीजही पाहावी. बेअरिंगमध्ये ग्रीस तळहाताने दाबून भरण्यातच बराच वेळ जातो. तो जाऊ द्यावा. कॉटर पिन मात्र नवीच घालावी, तिची किंमत ती काय!

अखेरीस चाक हाताने फिरवताना शू ड्रमला किंचित घासल्याचा आवाज यावा. मग रिकामा ट्रेलर मोकळ्या जागी, सावकाश चालवून पाहावा. शंका उरलीच, तर माल चढवण्यापूर्वी जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावा.