सातवीनंतर आठवी कुठे? सीमाभागातल्या सरकारी मराठी शाळेबद्दल पालकांनी विचारायच्या गोष्टी

बेळगाव : एप्रिल संपत आला की सीमाभागातल्या मराठी घरांत एक वाद ठरलेला असतो. पाचवी झालेलं पोर गावच्या सरकारी मराठी शाळेतच ठेवायचं, की बेळगाव-खानापूर-निपाणीच्या इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवायचं? आजोबा म्हणतात मराठी सुटता कामा नये. आई म्हणते कन्नड नाही आलं तर नोकरी कोण देणार. बाप फीचा हिशेब करतो. तिघांचंही खरं असतं. मात्र या वादात शाळेबद्दलची माहिती फार कमी असते आणि ऐकीव गोष्टीच जास्त असतात.

कर्नाटकात सरकारी प्राथमिक शाळांचे दोन प्रकार आहेत. कनिष्ठ प्राथमिक पाचवीपर्यंत. उच्च प्राथमिक सातवीपर्यंत, काही ठिकाणी आठवीपर्यंत. हायस्कूल आठवी ते दहावी. म्हणजे सहावी-सातवी ही खरी मधली शाळा, आणि गळती लागते ती इथेच. कनिष्ठ प्राथमिक शाळेतलं मूल पाचवीनंतर गाव सोडतं, उच्च प्राथमिकमधलं सातवीनंतर. पालकांनी पहिला प्रश्न विचारायचा तो हाच : ही शाळा कितवीपर्यंत आहे, आणि पुढची मराठी माध्यमाची आठवी किती किलोमीटरवर आहे? खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात या प्रश्नाचं उत्तर एसटीच्या वेळापत्रकावर ठरतं. मुलींच्या बाबतीत तर बऱ्याचदा तेवढंच कारण पुरतं.

शिक्षक किती, आणि कोणत्या भाषेचे?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचा फायदा पालकांना इथे होतो, पण तो वाचणारे कमी. सहावी ते आठवीसाठी कायदा सांगतो की 35 मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि विज्ञान-गणित, समाजशास्त्र व भाषा या तिन्हींसाठी निदान एकेक शिक्षक हवा. वर्षाला 220 दिवस शाळा आणि 1000 तास शिकवणं व्हायला हवं. पट शंभराच्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापकही हवा.

कागदावर हे ठीक दिसतं. पण 'भाषेसाठी एक शिक्षक' हा निकष एका भाषेच्या गावाला डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. सीमाभागातल्या सहावीच्या मुलाच्या दप्तरात तीन भाषा आणि तीन लिप्या असतात : मराठी देवनागरीत, कन्नड कन्नड लिपीत, इंग्रजी रोमनमध्ये. हे तिन्ही चांगलं शिकवू शकेल असा एकच माणूस मिळणं म्हणजे लॉटरीच. मग होतं काय, तर जे शिक्षक आहेत ते वाटून घेतात. विज्ञानाच्या बाई कन्नडचा तास घेतात, नाहीतर मराठीचे गुरुजी इंग्रजीचं पुस्तक वाचून दाखवतात. उलटंही घडतं. मराठी शाळेवर मराठी न येणारे शिक्षक नेमले जातात, ही तर सीमाभागातली नेहमीची तक्रार. अशा वर्गात गणित कोणत्या भाषेत समजावलं जातं, हे मुलालाच विचारावं. शाळेत विचारलं तर 'सगळं व्यवस्थित आहे' एवढंच ऐकायला मिळतं.

म्हणून शाळेत गेल्यावर भिंतीवरच्या घोषणा वाचत बसण्यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. कायम शिक्षक किती आणि अतिथी शिक्षक किती? सहावी-सातवीचं गणित कोण शिकवतं, त्यांचं शिक्षण कोणत्या विषयात झालं आहे? कन्नडचा तास खरोखर होतो का? अतिथी शिक्षक वाईट असतात असं मुळीच नाही, कित्येक शाळा त्यांच्यावरच उभ्या आहेत. फक्त त्यांची नेमणूक वर्षापुरती असते आणि शाळा उघडताच ते हजर असतील याची खात्री नसते. प्रत्येक शाळेला अकरा आकडी युडायस क्रमांक असतो. त्यावरून पटसंख्या, शिक्षकसंख्या आणि शौचालयांची माहिती सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. ती माहिती शाळेनेच भरलेली असते, म्हणून प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेल्याशी ताडून घ्यावी.

कन्नड आलं तर बिघडत नाही

कर्नाटकाच्या 2015 च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची केली. 2015-16 ला पहिलीपासून सुरू करून दरवर्षी एकेक इयत्ता पुढे न्यायची, अशी त्याची रचना. यावर सीमाभागात बरंच बोललं-लिहिलं गेलं. पण राज्यभाषा शिकवण्याची सक्ती एकट्या कर्नाटकाने केलेली नाही. महाराष्ट्रातल्या गुजराती भाषकांच्या शाळांना मराठी शिकवण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये उचलून धरली होती. दुसरीकडे, प्राथमिक शाळेचं माध्यम मातृभाषाच हवं अशी सक्ती राज्याला करता येणार नाही, असं त्याच न्यायालयाने 2014 मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितलं. म्हणजे विषय म्हणून भाषा लादता येते, माध्यम निवडायचं ते पालकांनी. हा फरक लक्षात ठेवला तर अर्ध्या अफवा तिथेच संपतात.

मराठी माध्यम ही काही सरकारची मेहेरबानी नाही. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी, असं राज्यघटनेचं कलम 350 अ सांगतं. संपूर्ण शाळेत 40 किंवा एका वर्गात 10 मुलं त्या भाषेची असली तर शिक्षक द्यावा, हे सूत्र तर 1949 च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेपासूनचं. खरी अडचण इथेच आहे. पाच-सहा घरांनी एका जूनमध्ये पोरं बाहेर काढली की वर्ग दहाच्या खाली येतो आणि उरलेल्यांचा दावा कमजोर होतो. याचा दोष त्या घरांना देता येत नाही, कारण ज्याच्या पोराचं वर्ष वाया जातं त्याला चळवळीचं गणित सांगून उपयोग नसतो.

मराठी शाळेत कन्नड नीट शिकवलं जावं, ही मागणी मराठी पालकांनी स्वतः करायला हवी. एसएसएलसीला पहिली भाषा मराठी घेता येते आणि तिला 125 गुण असतात. बाकी विषय शंभराचे, एकूण 625. मराठीत पोर चमकतं आणि कन्नडमध्ये काठावर अडकतं, आणि त्याची मुळं सहावी-सातवीतच असतात.

कोट्याचा हिशेब सहावीतच करायचा

बहुतेक पालकांना हे बारावीनंतर कळतं. कर्नाटकात सीईटीतून होणाऱ्या व्यावसायिक प्रवेशांत ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी 15 टक्के आणि कन्नड माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी 5 टक्के राखीव जागा असतात. दोन्हींसाठी पहिली ते दहावी अशी दहाही वर्षं मोजतात. मराठी माध्यमाच्या मुलाला कन्नड माध्यमाचा कोटा मिळत नाही, आणि सहावीत कन्नड माध्यमात घातलं तरी मिळत नाही, कारण पहिली पाच वर्षं गेलेली असतात. ग्रामीण कोट्याला मात्र माध्यमाची आडकाठी नाही. गावच्या मराठी शाळेतलं मूल इतर अटी पुरी करत असेल तर त्याला तो मिळू शकतो. सहावीत त्याला बेळगाव शहरातल्या शाळेत घातलं की तो हक्क गेला. शहरातली शाळा खरंच चांगली असेल तर खुशाल घालावं, पण काय सोडतोय हे माहीत असावं.

सीमेपलीकडे चंदगड, कागलकडे पोर पाठवणाऱ्यांनीही एक पाहावं. कर्नाटकाच्या सीईटीसाठी नेहमीच्या नियमात पहिली ते बारावीपैकी निदान सात वर्षं कर्नाटकात शिकलेली असावी लागतात.

दुसऱ्या बाजूला, महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांची वेगळी सोय आहे. आठवीत दिली जाणारी एनएमएमएस परीक्षा सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. त्यात निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि सातवीला 55 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात पाच टक्के सूट. अनेक शाळांत या परीक्षेची आठवणसुद्धा कुणी करून देत नाही. सातवीतच विचारून ठेवलेलं बरं.

दुपारचं जेवण, दूध, अंडं किंवा केळं, पुस्तकं, गणवेश हे सरकारी शाळेत मिळतंच, त्यावर वेगळं लिहायला नको. फक्त मराठी पुस्तकं कधी हातात पडली, हे मागच्या वर्षीच्या पालकांना विचारावं.

शाळा सुधारणा कमिटी, म्हणजे एसडीएमसी, ही झेंडावंदनाला खुर्चीवर बसण्यापुरती नाही. तिच्यात पालकच बहुसंख्य असतात आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे कायद्याने तिचं काम आहे. गणिताला शिक्षक नाही, असा ठराव इतिवृत्तात लिहून बीईओ कार्यालयात देऊन पोच घेतली, तर तो कागद होतो. नुसतं तोंडी सांगितलं तर 'बघू' एवढ्यावर विषय संपतो. बेळगाव महसुली जिल्ह्यात शिक्षण खात्याचे दोन जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिकोडी. निपाणीच्या पालकाचा अर्ज बेळगावच्या कार्यालयात गेला तर तो फिरतच राहतो.

आणि दाखला घेण्याच्या दिवशी शाळेच्या रजिस्टरमध्ये मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलंय, ते वाचून घ्यावं. ते कन्नडमध्ये असेल तर वाचता येणाऱ्याला बरोबर न्यावं. मराठी घरातल्या पोरापुढे मातृभाषा कन्नड पडली असेल, किंवा आडनाव आधार कार्डाशी जुळत नसेल, तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागावी. हे सातवीत करणं सोपं आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव छापून आल्यावर तेच काम बोर्डापर्यंत आणि कधी कोर्टापर्यंत जातं.