‘मिस’ची मिसळ

मंडळी, मस्कतमधल्या कुठल्याही मराठी घरात एक दिवस नुसते कान उघडे ठेवून बसा आणि ‘मिस’ हा शब्द किती वेळा कानावर पडतो ते मोजा. सकाळी सुरुवात होते, “आवर लवकर, बस मिस होईल!” दुपारी चिरंजीव घरी येतात ते, “मिसनी होमवर्क दिलंय, पण काल मी क्लास मिस केला ना,” असे म्हणत. बाबा रुवीकडे जाताना डावीकडचे वळण ‘मिस’ करतात. आईचा फोन पर्समध्ये राहतो आणि मावशीचा कॉल ‘मिस’ होतो. जिगसॉ पझलमधला एक तुकडा ‘मिसिंग’ असतो. रजा मंजूर झाली नाही म्हणून यंदा गावचा गणपती ‘मिस’ होणार असतो. आणि रात्री फोनवर, “आजी, आय मिस यू!”

शाळेतल्या बाई सोडून देऊ. तो ‘मिस’ मुळात वेगळाच शब्द आहे. ‘मिस्ट्रेस’चे ते आखूड रूप. पण बाकी सगळे एकाच क्रियापदाने उरकले! हे कौतुकाने सांगणारे लोकही आपल्यात आहेत. “बघा, इंग्रजी किती समृद्ध! एका शब्दाचे किती अर्थ!” असे म्हणतात. या कौतुकाशीच माझे भांडण आहे.

इंग्रजीशी मात्र माझे भांडण नाही. ‘मिस’चा जुना अर्थ नेम न लागणे, हाती न येणे. त्यातूनच पुढे ‘कुणाची उणीव भासणे’ हा अर्थ फुटला. इंग्रजांच्या घरात या शब्दाला शेजारीही भरपूर आहेत. शाळा टाळली तर ‘स्किप’, शब्द गाळला तर ‘ओमिट’, जीव झुरला तर ‘लाँग’ आणि ‘पाइन’. आपण ते सगळे तिथेच ठेवले, एकटा ‘मिस’ उचलून आणला, त्याच्या मागे ‘करणे’ आणि ‘होणे’ जोडले आणि घरातली डझनभर मराठी क्रियापदे बाहेर काढली. त्यांची श्रीमंती आपल्या घरी येईपर्यंत गरिबी झाली.

बाहेर काढलेली ही मंडळी कोण, ते एकदा पाहू.

बस चुकते. शतक एका धावेने हुकते. शाळा तापामुळे बुडते, पण पोराने मुद्दाम बुडवली तर ती दांडी असते. दूधवाला आला नाही तर खाडा पडतो. कॉपी करताना एखादी ओळ गळते. गर्दीत मायलेकांची चुकामूक होते. आलेली संधी निसटते. मनात असलेली गोष्ट राहून जाते. आता चिरंजीव म्हणाले, “क्लास मिस झाला,” तर ताप होता की दांडी होती? ‘मिस’मध्ये दोघेही सुखाने लपतात! मराठीत बोलायला लावा, लगेच खरे बाहेर येईल. ‘बुडाला’ की ‘बुडवला’, एवढा फरक करताना जीभ अडखळते.

हे झाले बाहेरचे. मनाच्या आतले शब्द तर याहून बारीक आहेत. थोडक्यात काही हातचे गेले की चुटपुट लागते. दोन दिवसांत ती जाते. करायला हवे होते ते केले नाही, याची रुखरुख राहते. ती वर्षानुवर्षे राहू शकते. संध्याकाळी काही कारण नसताना वाटते ती हुरहुर. माणूस डोळ्यांसमोर येतो तेव्हा त्याची आठवण येते. तो नसल्यामुळे कशातच मन लागत नाही तेव्हा करमत नाही. या पाच अवस्था पाच वेगळ्या माणसांच्या असू शकतात किंवा एकाच माणसाच्या पाच दिवसांच्या. एका ‘मिस’ने त्या कशा ओळखायच्या?

कुणी म्हणेल, “अहो, शब्दांचा कीस कशाला काढता? भावना पोचल्याशी कारण.” भावना पोचते का, हाच तर प्रश्न आहे. २०२० साल आठवा. मार्चमध्ये विमाने थांबली आणि मस्कतहून मुंबईचा अडीच-तीन तासांचा प्रवास अशक्य झाला. त्या दिवसांत आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरची वडीलधारी माणसे तिकडे गेली. अशा वेळी कुणी म्हणाले, “मी बाबांना मिस केलं,” तर ऐकणाऱ्याने काय समजायचे? बाबांची शेवटची भेट राहून गेली याची रुखरुख तो बोलून दाखवतो आहे, की बाबा गेल्यावर करमत नाही म्हणतो आहे? दोन दुःखे वेगळी आहेत आणि त्यांचे सांत्वनही वेगळे आहे. पहिल्याला म्हणावे लागते, “तुझ्या हातात नव्हते रे.” दुसऱ्याजवळ न बोलता बसावे लागते. शब्द धूसर झाला की जवळचा माणूससुद्धा नको ते सांत्वन करून बसतो.

दुसरी गोष्ट नातवंडांची. तिकडून आजी म्हणते, “तू गेल्यापासून करमत नाही गं.” इकडे नात आईकडे पाहते. “करमत म्हणजे?” आई सांगते, “म्हणजे शी इज मिसिंग यू.” नातीला अर्थ कळला, पण आजीचा शब्द मध्येच गळाला. आजीचा सूर, नात गेल्यावर ओस पडलेले घर, दुपारी न लागणारा डोळा, हे सगळे त्या ‘करमत’मध्ये होते. आपण दुभाषे झालो आहोत, मंडळी! आपल्याच आईच्या आणि आपल्याच लेकरांच्या मध्ये उभे असलेले दुभाषे. आपण नसू तेव्हा या दोघी कशा बोलणार?

नेहमीचा आक्षेप मला ठाऊक आहे. “भाषा बदलतच असते. मराठीने फारसी घेतली, अरबी घेतली, आता इंग्रजी घेते आहे.” खरे आहे. मी शुद्धीवाला नाही. टेबल, बस, व्हिसा हे पाहुणे मला चालतात. इथे येऊन आपण ‘पताका’ आणि ‘मुल्किया’ही आपलेसे केले, त्याने मराठीचे काही बिघडले नाही. नामे येतात-जातात. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. सुमारे १४०० शब्दांचा तो कोश कारभारातल्या वस्तूंचा, हुद्द्यांचा आणि व्यवहारांचा होता. कारण परकी गर्दी मुख्यतः तिथे झाली होती. घरातले खाणे, पिणे, उठणे, बसणे, रडणे, रुसणे मराठीच राहिले होते. आणि बाहेरून क्रियापद घडवायचे झाले तेव्हा मराठीने ते आपल्या साच्यात ओतले. बदल आला, त्याचे ‘बदलणे’ झाले. खर्च आला, त्याचे ‘खर्चणे’ झाले. याला म्हणतात पचवणे. ‘मिस करणे’ हे पचवणे नाही. घास तसाच गालात धरून ठेवणे आहे. त्या घासामुळे दुसरे काही तोंडात जात नाही.

आणि ज्या देशात आपण राहतो, तिथली भाषा तरी काय सांगते? अरबीत विमान चुकले की ते माणसाला ‘फात’ होते, म्हणजे त्याला मागे टाकून निघून जाते. आपल्या सातबाऱ्याच्या वारस नोंदीतला ‘फौत’ याच धातूचा! जो निघून गेला तो. आणि माणसाची ओढ लागली तर अरब ‘फात’ म्हणत नाही. तिथे ‘शौक’ या धातूचा शब्द येतो. आपला शौक आणि शौकीन तिथलेच. ज्याला ओढ लागली आहे तो ‘मुश्ताक’. १९३६ साली मँचेस्टरला कसोटी शतक ठोकणाऱ्या मुश्ताक अलींच्या नावाचा अर्थ हा! म्हणजे सुटणे वेगळे आणि झुरणे वेगळे, हे अरबीला ठाऊक आहे आणि मराठीलाही. गंमत पाहा, मराठीत बस चुकते, चूक बसची! अरबीतही विमानच निघून जाते. शेजारच्या भाषेशी इतके जुळत असताना आपण दोघींकडे पाठ फिरवून ‘मिस’ला कवटाळून बसलो आहोत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा द्यायला मंजुरी दिली. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. पण दर्जा दिल्लीत मिळतो आणि क्रियापद स्वयंपाकघरात जगते. तिथे कुठलेही मंत्रिमंडळ येणार नाही.

मग करायचे काय? मराठीचे वर्ग चालतात, ते चालूच राहोत. पण पोराला वर्गात ‘करमत नाही’ शिकवून घरी आपणच ‘मिस’ म्हणत राहिलो तर काय उपयोग? सुरुवात मोठ्यांनी करावी. मंडळाच्या निमंत्रणात ‘हा कार्यक्रम मिस करू नका’ असे छापायचे बंद करू. ‘चुकवू नका’ला शाई जास्त लागत नाही. सूत्रसंचालकांनी ‘डोन्ट मिस’ला रजा द्यावी. मुलांच्या स्पर्धांत एक खेळ ठेवावा. पाच मिनिटे बोला, सुटीत घरी काय झाले ते सांगा, पण ‘मिस’ आला की बाद! आईवडिलांचीही फेरी घ्या. ते आधी बाद होतील, अशी माझी पैज आहे.

मिसळीत फरसाण वेगळे लागते, मटकी वेगळी लागते, कांदा वेगळा लागतो, म्हणून ती मिसळ. या ‘मिस’मध्ये सगळ्यांचा एकच लगदा झाला आहे. तेव्हा आज रात्री गावी फोन लावाल तेव्हा पोराच्या हातात तो द्या आणि हळूच कानात सांगा, “म्हण, आजी, तुझ्याशिवाय करमत नाही.” पलीकडून काय उत्तर येते ते त्याचे त्यालाच ऐकू द्या. मध्ये दुभाषा नको.