इराकमध्ये पेटलं, कल्याणला धूर निघाला

परवा शिक्षक खोलीत चहा आला आणि मोबाईलवरच्या एका बातमीवरून वाद निघाला. आमचे एक सहकारी, माणूस भला, पंधरा वर्षांची सोबत, म्हणाले, "सर, तुम्ही कशाला अमेरिकेचं नाव घेता? बाहेरच्या फौजा जावोत नाहीतर न जावोत, ज्याच्या डोक्यात धर्म भरलाय तो बंदूक उचलणारच." तेवढ्यात तासाची घंटा झाली. उत्तर राहून गेलं, ते इथे देतो. कारण असं बोलणारे ते एकटे नाहीत.

परक्या मुलखात फौज घुसली की दहशतवाद्यांची भरती वाढते, असं माझं म्हणणं. हे मी मुसलमान आहे म्हणून म्हणतो असं कुणाला वाटेल. तर एमआय-५ या ब्रिटिश गुप्तचर संस्थेच्या माजी प्रमुख एलिझा मॅनिंगहॅम-बुलर काय म्हणाल्या ते पाहा. इराकमधल्या सहभागामुळे आपल्याकडचे काही तरुण कडवे झाले, असं त्यांनी २०१० साली चिलकॉट समितीपुढे सांगितलं. त्या काही आमच्या मोहल्ल्यातल्या नाहीत.

आता धर्माचं. १९८७ साली आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली, तीही तिथल्या सरकारशी करार करून. लिट्टेशी लढताना सुमारे १,२०० जवान गेले. १९९० च्या मार्चमध्ये फौज परतली आणि २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला एका मुलीने अंगावर बॉम्ब बांधून राजीव गांधींना मारलं. ते पुन्हा सत्तेवर आले तर फौज पुन्हा येईल, ही भीती त्या कटामागे होती. तिथे कुठला मौलाना होता? कुठला मदरसा होता?

इराकचं तर सगळं उघड्यावर आहे. मार्च २००३ मध्ये हल्ला झाला. ज्या शस्त्रांसाठी झाला ती सापडलीच नाहीत. मे महिन्यात पॉल ब्रेमर यांनी एका आदेशाने इराकी सैन्यच बरखास्त केलं. लाखो माणसं, हातात हत्यार आणि घरात चूल बंद. पुढच्या वर्षी अबू गरेब तुरुंगातले फोटो जगाने पाहिले. त्याच वर्षी बगदादी नावाचा एक माणूस अमेरिकनांच्या कॅम्प बुक्कामध्ये कैदी होता. सद्दामचे जुने अधिकारी आणि कट्टर धर्मवेडे एकाच कुंपणात कोंडले. मी शिक्षक आहे, वर्गात कुणाला कुणाजवळ बसवायचं नाही एवढं मला कळतं.

त्या वेळी अमेरिकेने आपल्याकडेही फौज मागितली होती. जुलै २००३ मध्ये वाजपेयी सरकारने नाही म्हटलं. त्यांचा पक्ष न आवडणाऱ्या माझ्यासारख्यालाही हे शहाणपण मान्य करावं लागतं. नाहीतर आपल्या गावागावातली पोरं तिकडे उभी असती. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी पुणे डिव्हिजन इराकमध्ये नेली होती, मराठा पलटणींसकट. एप्रिल १९१६ मध्ये कुतला उपाशी शरण जावं लागलं. दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी मरणं आपण एकदा करून पाहिलेलं आहे.

सहकाऱ्यांचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. मग ९/११ चं काय, ते तर इराकच्या आधीचं? खरं आहे. पण ती फळी तयार झाली अफगाणिस्तानात, १९७९ साली रशियन फौजा घुसल्यानंतर, अमेरिका आणि सौदीच्या पैशावर.

खरा अवघड प्रश्न कल्याणचा आहे. मे २०१४ मध्ये कल्याणची चार तरुण पोरं जियारतीच्या जथ्यात इराकला गेली आणि तिथून इसिसकडे. शिकलेली, खात्यापित्या घरची. एक जण नोव्हेंबरमध्ये परत आला आणि अटक झाला. कल्याणवर कुणी बॉम्ब टाकला होता? कुणीच नाही. इथे माझी निम्मीच बाजू पुरते. फौजेने केलेली जखम दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर असते. भरती करणारा तिचा व्हिडिओ करून आपल्या पोरांना विकतो. आधी मेलेलं लेकरू दाखवतो, आयतींचे तुकडे त्यानंतर.

आणि आमच्यातले काही काय म्हणतात? "इसिस म्हणजे अमेरिकेचंच पिल्लू, आपला काय संबंध?" असं म्हटलं की सुटलो. जुलै २०१६ मध्ये, रमजानच्या शेवटच्या दिवसांत, बगदादच्या करादा बाजारात ईदची खरेदी करणारी तीनशेहून जास्त माणसं याच लोकांनी मारली. पिल्लू कुणाचंही असो, चावलं कुणाला? डॉक्टर डेंग्यूचं कारण साचलेलं पाणी सांगतो, म्हणून तो डासांचा वकील होत नाही. मी फौजांना दोष देतो म्हणून मारेकऱ्यांचा गुन्हा पैशानेही कमी होत नाही.

पण माझंही एक देणं आहे. त्याच २०१४ च्या पावसाळ्यात दहावीतल्या एका पोराने व्हरांड्यात मला मोबाईल दाखवला. मोडलेली घरं, रडणारी बाई, मागे अरबी तराणा. "सर, हे खरंय का?" मी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणालो, "अभ्यास कर." भीती वाटली. उद्या कुणी म्हणेल, उर्दूचे सर वर्गात इराक शिकवतात. अशा भीतीने गप्प बसणारे आमच्यात पुष्कळ आहेत, शाळेत आणि मिंबरवरही. ते पोर प्रश्न घेऊन आलं होतं आणि मी त्याला तसंच त्या व्हिडिओकडे परत पाठवलं.

मागच्या महिन्यात तो पाथर्डीच्या एसटी स्टँडवर भेटला. आता नगरला कंपनीत आहे. सलाम-दुवा झाल्यावर मीच विषय काढला, तो व्हिडिओ आठवतो का म्हणून. हसला. "तुम्ही काही बोलला नाहीत सर, मग अब्बांना दाखवला. त्यांनी पूर्ण पाहिला. म्हणाले, हे घर पाडलं ते खरं, पण तुला हे पाठवणारा कोण, ते आधी सांग. रात्री दोनपर्यंत बसलो होतो."

त्याचे अब्बा गवंडीकाम करतात. शाळा चौथीपर्यंत.