भूल कोणती, हे रुग्णास कोण विचारतो?

गुडघ्याचे झिजलेले पृष्ठभाग काढून तेथे धातूचा व पॉलिथिलीनचा कृत्रिम सांधा बसविणे ही शस्त्रक्रिया आता भारतात नवलाईची राहिलेली नाही. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ साली खुब्याच्या कृत्रिम सांध्यात पॉलिथिलीनचा उपयोग केला, आणि पुढील दशकांत सांधारोपणाचे तंत्र जगभर पसरले. शस्त्रक्रिया ठरविताना कुटुंबात पुष्कळ चर्चा होते. सांधा कोणत्या बनावटीचा, खर्च किती, जिना कधी चढता येईल, हे सारे विचारले जाते. भूल कोणती द्यावयाची, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. तो भूलतज्ज्ञाचा प्रांत समजून सोडून देतात. आणि पाठीत सुई टोचणार आहेत, हे कित्येक वृद्ध रुग्णांना शस्त्रक्रियेच्या सकाळीच प्रथम कळते. ही रीत योग्य नव्हे.

मार्ग मुख्यतः दोन आहेत. पहिला संपूर्ण भुलेचा. त्यात शिरेतून औषध देऊन रुग्णास बेशुद्ध करतात आणि श्वासमार्गात नळी किंवा तत्सम साधन बसवून श्वासोच्छ्वास सांभाळतात. दुसरा कण्यातील भुलेचा. कंबरेच्या मणक्यांमधील फटीतून बारीक सुई घालून आतील द्रवात अवघे दोन-तीन मिलिलिटर औषध सोडतात. मेरुरज्जू त्या जागेच्या वरच संपलेला असतो. तेथे असतात ते पायांकडे जाणारे मज्जातंतू. काही मिनिटांत कंबरेखालचा भाग बधिर व लुळा होतो आणि साधारणपणे दोन-तीन तास तसाच राहतो. मन मात्र जागे असते. यांखेरीज मांडीतील मज्जातंतूजवळ औषध सोडून गुडघा बधिर करण्याची युक्ती आहे. ती बहुधा नंतरच्या वेदनांसाठी जोडीला वापरतात.

कण्यातील भुलेचा आरंभच एका सांध्यापासून झाला. जर्मनीतील कील येथे ऑगस्ट १८९८ मध्ये आउगुस्ट बीअर यांनी क्षयाने ग्रासलेल्या घोट्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाच्या कण्यात कोकेन सोडले. वेदना थांबल्या, परंतु मागाहून डोकेदुखी व वांत्यांचा उपद्रव दिसू लागला. तेव्हा बीअर व त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग स्वतःवरच करून पाहिला. बीअर यांच्या वेळी पिचकारी सुईला नीट बसेना, आणि त्यांच्या कण्यातील द्रव बराच वाहून गेला. हिल्डेब्रांट यांचे पाय पूर्ण बधिर झाले. नडगीवर लोखंडी हातोडी मारली तरी त्यांना कळेना. (दुसऱ्या दिवशी नडगी ठणकली असणार, हे सांगावयास नको.) बीअर यांना मात्र पुढे कित्येक दिवस उठून बसताच डोके असह्य दुखे. द्रव पाझरल्याने होणारी ही डोकेदुखी आजही कधीकधी होते. पण सुया फार बारीक झाल्या आहेत, आणि वृद्धांना तिचा त्रास तरुणांपेक्षा कमी होतो.

दोहोंपैकी अधिक सुरक्षित कोणता? येथे ठाम उत्तर देणाऱ्यांपासून सावध राहावे. भुलेविषयी ठाम मते बांधण्याची खोड जुनी आहे. हैदराबाद येथे निजामाच्या आश्रयाने १८८८ व १८८९ साली नेमलेल्या आयोगांनी शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून असा निर्वाळा दिला, की क्लोरोफॉर्मने प्रथम श्वास थांबतो, हृदयास त्याचा थेट धोका नाही. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलेतही हृदयाची लय एकाएकी बिघडून मृत्यू ओढवू शकतो.

सांधारोपणाच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने २०१९ साली कण्यातील भुलेस पसंती दिली. परंतु तिचा पुष्कळसा आधार जुन्या नोंदींच्या तुलनेवर होता, आणि त्या नोंदींतील दोन्ही गटांचे रुग्ण सारख्या प्रकृतीचे असतीलच असे नाही. अमेरिका व कॅनडा येथे खुब्याचे हाड मोडलेल्या १६०० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्या तशी एक किंवा दुसरी भूल नेमून दिली गेली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, साठ दिवसांत मृत्यू येणे किंवा दुसऱ्या माणसाच्या मदतीविना चालता न येणे याचे प्रमाण कण्यातील भुलेत १८.५ टक्के व संपूर्ण भुलेत १८ टक्के होते. हे रुग्ण अपघाताचे होते. ठरवून केलेल्या सांधारोपणास हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही एवढे खरे, की बहुतेकांच्या बाबतीत दोन मार्गांतील अंतर रुग्णाची इच्छा बाजूस सारण्याइतके मोठे नाही.

आणि इच्छा वेगवेगळ्या असतात. कोणास करवतीचा व हातोडीचा आवाज ऐकण्याची धास्ती वाटते; त्यास कण्यातील भुलेबरोबर झोपेचे सौम्य औषध देता येते, हे सांगितलेले नसते. कोणास आपण पुन्हा जागे होणार नाही, हेच भय असते. पाठीतील सुईने कंबर जन्माची जाते, ही समजूत तर घरोघरी आहे. टोचलेली जागा काही दिवस दुखते. मज्जातंतूस कायमची इजा फारच विरळा. ही भीती हसण्यावारी न नेता तिचे निरसन करणे हे वैद्यकाचेच काम आहे.

कायदाही येथे मुका नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात निर्णय दिला, की सज्ञान रुग्ण भुलेखाली असताना, तातडीची निकड नसेल तर, आईने दिलेली संमती त्याच्या स्वतःच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. शिवाय पर्याय व धोके समजावून सांगितल्यावाचून घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे. असे असूनही मुलगा सही करतो आणि आई कोपऱ्यात बसून असते, हे दृश्य दुर्मिळ नाही.

निवड अर्थात अमर्याद नसते. रक्त गोठण्यात दोष असेल, टोचण्याच्या जागी जंतुसंसर्ग असेल, हृदयाची महाधमनीची झडप फार अरुंद झाली असेल, तर कण्यातील भूल बहुधा टाळतात. फुप्फुसे दुबळी असतील तर संपूर्ण भुलेचा विचार जपून करतात. यास्तव आपली सर्व औषधे, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, घोरण्याची सवय व हलणारे दात, हे सारे रुग्णाने स्वतः भूलतज्ज्ञास सांगावे, आणि तज्ज्ञाने ते रुग्णाच्या भाषेत ऐकून घ्यावे. ही भेट शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी झाली पाहिजे. रक्त पातळ करणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावयाचे तर त्यास अवधी लागतो, आणि घरी जाऊन रात्रभर विचार करून रुग्णास मत बदलावेसे वाटले, तर त्यासही.