हाडांनी फिरवलेला निकाल

१/ कॅनडातील लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर रेड बे नावाचे छोटे बंदर आहे. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरील बास्क खलाशी सोळाव्या शतकात अटलांटिक ओलांडून येथे देवमाशांच्या शिकारीसाठी येत. चरबी कढवून काढलेले तेल पिंपांत भरून युरोपात जाई आणि तेथील दिव्यांत जळे.

२/ ही हकिकत जवळजवळ विस्मृतीत गेली होती. १९७० च्या दशकात सेल्मा बार्कहॅम या संशोधिकेने स्पेनमधील दप्तरे चाळली. मृत्युपत्रे, विम्याचे करार आणि कोर्टकज्जे यांतून तिने ती उजेडात आणली. त्या आधारे शोध घेतल्यावर १९७८ साली बंदराच्या तळाशी एक जहाज सापडले. ते १५६५ मध्ये बुडालेले ‘सान हुआन’ असावे, असे मानतात.

३/ पण व्यापाऱ्याच्या कागदाचा जीव पिंपांत अडकलेला असतो. मेलेला देवमासा कोणत्या जातीचा, हे विचारायचे तर हाडांकडेच जावे लागते.

४/ बोहेड आणि राइट व्हेल या जवळच्या जाती. त्यांची हाडेही सारखी दिसतात. आकारावरून अभ्यासकांनी अंदाज केला होता : निम्मे बोहेड, निम्मे राइट. साहजिकच पश्चिम अटलांटिकमधील राइट व्हेलच्या ऱ्हासाचा ठपका बास्कांवर आला.

५/ २००४ साली रेड बेच्या २१ हाडांच्या डीएनए तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २० हाडे बोहेडची, राइट व्हेलचे केवळ एक! २००८ मध्ये इतर बास्क तळांवरील हाडांच्या व्यापक अभ्यासानेही तेच सांगितले.

६/ बास्क निर्दोष सुटले, असे मात्र नव्हे. बिस्केच्या उपसागरात त्यांनी शतकानुशतके राइट व्हेल मारले आणि लॅब्राडोरमधील बोहेडची हत्या आता दुपटीच्या घरात जाते. गुन्हा पुसला गेला नाही. त्याचा बळी बदलला.

७/ हा केवळ अभ्यासकांचा वाद नाही. उत्तर अटलांटिकमधील राइट व्हेल आज चारशेहून कमी उरले आहेत. शिकारीपूर्वी ते किती होते, या अंदाजावर त्यांच्या संवर्धनाचे उद्दिष्ट ठरते. इतिहासातील चूक अशी वर्तमानाच्या हिशेबात शिरते.

८/ म्हणून केवळ दप्तरावर विसंबणारा इतिहास अपुरा आणि केवळ प्रयोगशाळेवर विसंबणाराही. कागद नसते, तर रेड बेत कोणी शोध घेतला नसता. हाडे तपासली नसती, तर चुकीचा निकाल कायम राहिला असता. उत्खननातील हाडांचा ढीग हादेखील दस्तऐवजच आहे. तो दप्तराइतक्याच काळजीने जपला पाहिजे.