शाळेच्या वाटेवर पहारा कशाला?

२०१३ साली शिकागोचे महापौर राम इमॅन्युएल यांच्या कारभाऱ्यांनी एका दमात सुमारे ५० सरकारी शाळांना टाळे ठोकले. कारण काय, तर पट घटला, तिजोरीत खडखडाट आहे! त्या शाळांतली दहापैकी जवळजवळ नऊ मुले कृष्णवर्णीय होती. आता ही पोरे टोळ्यांच्या हद्दी ओलांडून परक्या शाळेत जाणार, हे महापालिकेला ठाऊक नव्हते काय? पुरते ठाऊक होते! म्हणून तर नाक्यानाक्यावर भडक जाकिटे घातलेली माणसे उभी केली. ‘सेफ पॅसेज’ म्हणे! जी वाट पहाऱ्याशिवाय चालता येत नाही, तिच्यावर सहा-सात वर्षांची लेकरे लोटणाऱ्या या राज्यकर्त्यांचा आम्ही त्रिवार धिक्कार करतो.

२००९ मध्ये याच शहरात फेंगर हायस्कूलमधून घरी निघालेला १६ वर्षांचा हुशार मुलगा टोळक्यांच्या हाणामारीत सापडला आणि जिवानिशी गेला. जानेवारी २०१३ मध्ये १५ वर्षांची एक मुलगी परीक्षा देऊन पावसाच्या आडोशाला बागेत थांबली आणि गोळीला बळी पडली. आठवडाभरापूर्वीच ती ओबामांच्या शपथविधी सोहळ्यानिमित्त वॉशिंग्टनला जाऊन आली होती. आणखी किती गुणी व्हायचे या मुलांनी?

तरी निर्लज्ज म्हणतात, हिंसा कृष्णवर्णीयांच्या रक्तातच आहे. खोटे, साफ खोटे! १९३० च्या दशकात संघराज्य सरकारच्या संस्थेने नकाशे काढले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या. तिथे घरासाठी कर्ज मिळेना, भांडवल फिरकेना. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग या अन्यायाविरुद्ध शिकागोत मोर्चा घेऊन निघाले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर दगड भिरकावला गेला. १९६८ मध्ये घरांबाबतच्या या भेदभावाविरुद्ध कायदा झाला. पण पोलादाचे कारखाने पुढे एकेक करून बंद पडले आणि तरुणांच्या हाताला काम उरले नाही. बंदूक मात्र सहज मिळत राहिली.

समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक शार्की यांनी २०१० मध्ये शिकागोच्या मुलांवरूनच दाखवले, की वस्तीत खून पडला की त्या आठवड्यात कृष्णवर्णीय मुलांचे चाचणीतले गुण घसरतात. खून डोळ्यांनी पाहावाही लागत नाही. आणि गुण घसरले म्हणून शाळेलाच नालायक ठरवायचे!

शिकागोच्या उपनगरांत आपली मराठी कुटुंबेही चांगली शाळा बघून घर घेतात. ती शाळा चांगली का आणि लाल रेघेपलीकडची ओस का, हे त्यांनीही तिथल्या सभांत उभे राहून विचारलेच पाहिजे. महापालिकेने पहारेकरी वाढवल्याचे आकडे आम्हाला सांगू नयेत. घराजवळची शाळा उघडा, आणि ज्या वस्त्यांना तीन पिढ्या कर्ज नाकारले, त्यांचे देणे व्याजासकट चुकते करा!