विश्लेषण : आरोग्य मानसशास्त्राचे विद्यार्थी वॉर्डात कधी पोहोचणार?

डॉक्टर औषध लिहून देतात. रुग्ण ते घेतो का, पथ्य पाळतो का, तपासणीला परत येतो का, आणि येत नसेल तर का येत नाही, हे प्रश्न हाताळणारी शाखा म्हणजे आरोग्य मानसशास्त्र. ही शाखा वर्गात शिकवली जाते, पण ती जिथे वापरायची त्या रुग्णालयात विद्यार्थ्यांना शिकायला जागा मिळणे कठीण असते. कायदा काय सांगतो, घोडे कुठे अडते आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा आढावा.

आरोग्य मानसशास्त्र म्हणजे नेमके काय?

मानसिक आजारांवर काम करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आपल्याला ठाऊक असतात. आरोग्य मानसशास्त्राचा भर शारीरिक आजारांत माणूस कसा वागतो, यावर असतो. १९७७ मध्ये अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात जैव-मनो-सामाजिक प्रारूप मांडले. आजार समजून घ्यायचा तर शरीरासोबत मन आणि भोवतालही पाहावा लागतो, हा त्याचा गाभा. पुढच्याच वर्षी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

भारतात या कामाची गरज किती आहे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. यातल्या प्रत्येकाला रोज खाणे, चालणे, गोळ्या आणि तपासण्या यांबाबत निर्णय घ्यावे लागतात. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना एका रुग्णासाठी जेमतेम काही मिनिटे मिळतात. तेवढ्यात साखर पाहून होते. ‘इन्सुलिन सुरू झाले म्हणजे आता शेवट आला’ ही रुग्णाच्या मनातली भीती तशीच राहते.

क्लिनिकल प्लेसमेंटमध्ये काय शिकायचे असते?

पुस्तकात नसलेले बरेच काही. डायलिसिसचेच उदाहरण घेऊ. रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास यंत्राला जोडून राहावे लागते. पाणी मोजून प्यावे लागते. समजा, एक रुग्ण दर सोमवारी वजन वाढवून येतो. कर्मचाऱ्यांच्या लेखी तो ‘ऐकत नाही’. अनुभवी पर्यवेक्षकासोबत बसलेला विद्यार्थी विचारतो, रविवारी काय असते? कळते की रविवारी घरी पाहुणे येतात, चहा नको म्हटले तर आजाराचा विषय निघतो आणि तो टाळण्यासाठी रुग्ण कपामागून कप घेतो. आता उपाय शोधता येतो. हा प्रश्न कधी, कोणत्या सुरात विचारायचा, हे व्याख्यानातून येत नाही.

भाषेचेही तसेच. विद्यार्थी इंग्रजी पुस्तकांतून ‘अँग्झायटी’ आणि ‘डिप्रेशन’ शिकतो. समोरची आजी म्हणते, ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात जीव रमत नाही’, ‘डोकं भणभणतं’. यातले काय मनाचे, काय हृदयविकाराचे लक्षण आणि कोणत्या वेळी उठून डॉक्टरांना बोलवायचे, हे वॉर्डातच समजते. कर्करोग विभागात तर पहिल्याच आठवड्यात मुलगा व्हरांड्यात गाठतो आणि म्हणतो, ‘बाबांना काही सांगू नका.’ तेव्हा काय बोलायचे, याचे तयार उत्तर नसते. त्यासाठी पाठीशी शिकवणारा माणूस लागतो.

म्हणूनच चांगल्या प्लेसमेंटचे तीन भाग असतात : आधी पाहणे, मग देखरेखीखाली करणे आणि केलेल्या कामावर पर्यवेक्षकासोबत नियमित चर्चा. तिसरा भाग गळला की उरते ती नुसती हजेरी.

कायदा काय सांगतो?

इथे दोन वाटा आहेत. पहिली क्लिनिकल सायकॉलॉजीची. भारतीय पुनर्वास परिषद कायदा, १९९२ नुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी या परिषदेकडे होते. नोंदणीशिवाय हा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या व्याख्येतही दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.चा उल्लेख करताना पर्यवेक्षणाखालील क्लिनिकल प्रशिक्षणाची अट आहे. म्हणजे या वाटेवर रुग्णालयातील प्रशिक्षण हा पदवीचाच भाग मानला गेला. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल. पदवीच मोडीत निघाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी तिला २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांपुरती मुदत दिली.

दुसरी वाट बाकीच्या मानसशास्त्रज्ञांची. राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ मध्ये ‘वर्तन आरोग्य’ असा स्वतंत्र गट आहे. पुनर्वास परिषदेच्या कक्षेतील क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून इतर मानसशास्त्रज्ञ, आजारविषयक समुपदेशक, मधुमेह शिक्षक, एचआयव्ही समुपदेशक हे सारे त्यात येतात. याच कायद्यानुसार आरोग्यसेवा व्यावसायिकाचा अभ्यासक्रम किमान ३,६०० तासांचा आणि तीन ते सहा वर्षांत विभागलेला हवा. हे तास संपूर्ण अभ्यासक्रमाचे आहेत, निव्वळ वॉर्डातले नव्हेत, हे लक्षात ठेवायला हवे.

२०२५ मध्ये दोन पावले पडली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने संलग्न आरोग्यसेवेतील काही शाखांचे आदर्श अभ्यासक्रम जाहीर केले. त्यांत उपयोजित मानसशास्त्र आणि वर्तन आरोग्य ही शाखा होती. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याखालील विषय, मानसशास्त्रासह, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली. मानसशास्त्र हा रुग्णाशी संबंधित व्यवसाय आहे आणि तो समोरासमोर शिकावा लागतो, असाच या निर्णयाचा अर्थ.

मग घोडे कुठे अडते?

दूरस्थ शिक्षण बंद केल्याने रुग्णालयाचे दार आपोआप उघडत नाही. मानसशास्त्राचे बहुतेक विभाग कला किंवा विज्ञान महाविद्यालयांत आहेत. वैद्यकीय किंवा नर्सिंग महाविद्यालयाला रुग्णालय जोडलेले असते, इथे तसे नसते. त्यामुळे एम.ए.चा विद्यार्थी स्वतःच ओळखी काढत, विनंतीपत्रे घेऊन दारोदार फिरतो.

जिथे मानसशास्त्राचे विद्यार्थी घेतले जातात, तिथे बहुधा मानसोपचार विभाग असतो. राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथला अनुभव मोलाचा आहे. पण आरोग्य मानसशास्त्राचा विद्यार्थी लागतो तो मधुमेहाच्या ओपीडीत, डायलिसिस कक्षात, हृदयरोग, प्रसूती आणि कर्करोग विभागात. या विभागांत शिकवू शकेल असा मानसशास्त्रज्ञच अनेकदा नेमलेला नसतो. पद नाही म्हणून पर्यवेक्षक नाही, पर्यवेक्षक नाही म्हणून विद्यार्थी नाही, आणि प्रशिक्षित विद्यार्थी नाहीत म्हणून पद निर्माण करण्याची निकड कोणाला वाटत नाही. चक्र इथेच फिरत राहते.

पैशाचा प्रश्न वेगळाच. एमबीबीएसचा इंटर्न विद्यावेतन घेतो. मानसशास्त्राचा विद्यार्थी अनेक ठिकाणी उलट शुल्क भरतो. त्यात मुंबई-पुण्यात राहण्याचा खर्च. लातूर किंवा गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला हे परवडले नाही, तर या व्यवसायात शहरी, सुस्थितीतली मुलेच येणार. ग्रामीण रुग्णाची बोली समजणारा माणूस दारातच अडवला जातो.

ऑनलाइन इंटर्नशिपचे काय?

जागेच्या या टंचाईवर बाजार उभा राहिला आहे. ‘पंधरा दिवसांत इंटर्नशिप, प्रमाणपत्रासह’ अशा जाहिराती समाजमाध्यमांवर दिसतात. काही उपक्रम प्रामाणिक असतील, पण रेकॉर्ड केलेली व्याख्याने ऐकून रुग्णासमोर बसता येत नाही.

प्रस्तुत लेखक अभियांत्रिकीचा पदवीधर आहे. आमच्या वर्गातही पैसे भरून ‘ट्रेनिंग’चे प्रमाणपत्र आणणारे होते. नोकरीच्या पहिल्या महिन्यात ते उघडे पडले, साहेबांनी झापले, मग शिकले. कोड चुकला तर मागे घेता येतो. ‘औषधं बंद करून बघा, सकारात्मक राहा’ असा सल्ला क्षयरोगाच्या रुग्णाला दिला गेला, तर तो मागे घेता येत नाही. अर्धवट उपचारातून औषधांना दाद न देणारा क्षयरोग उद्भवू शकतो आणि घरच्यांनाही होऊ शकतो.

रुग्णाची बाजू कोण पाहणार?

प्लेसमेंटच्या चर्चेत हा मुद्दा हमखास मागे पडतो. समोरची व्यक्ती विद्यार्थी आहे, हे रुग्णाला स्पष्ट सांगायला हवे. नको म्हणण्याची मोकळीक हवी आणि नकारामुळे उपचारांत फरक पडणार नाही, याची खात्री हवी. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. केस हिस्ट्रीचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे, नाव झाकले तरी, या हक्काशी खेळणेच आहे. मोफत उपचार घेणारा रुग्ण शिकण्याचे ‘साहित्य’ नाही, हा पहिला धडा असायला हवा.

इतरत्र काय होते?

ब्रिटनमध्ये ‘हेल्थ सायकॉलॉजिस्ट’ ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. ती लावण्यासाठी नियामक संस्थेकडे नोंदणी लागते आणि त्यासाठी पदव्युत्तर शिक्षणानंतर साधारण दोन वर्षे पर्यवेक्षणाखाली काम करावे लागते. स्कॉटलंडमध्ये तेथील सार्वजनिक आरोग्य सेवा काही प्रशिक्षणार्थींना पगार देऊन आरोग्य मंडळांत नेमते. तिथेही जागा मर्यादितच आहेत. पण प्रशिक्षणार्थी हा सेवेचा भाग आहे, हे तत्त्व घेण्यासारखे आहे.

मग काय करायला हवे?

नव्या आयोगाने तास मोजताना नुसती हजेरी मोजू नये. रुग्णासोबतचे तास, पर्यवेक्षणाचे तास आणि स्वाक्षरी असलेली कामाची नोंदवही, अशी तीन खाती स्वतंत्र ठेवावीत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालयांचे जवळच्या विद्यापीठ विभागांशी करार व्हावेत. ओळखीवर चालणारी पद्धत थांबावी. सुरुवात मधुमेह ओपीडी आणि डायलिसिस कक्षापासून करता येईल, कारण तिथे तेच रुग्ण पुन्हा पुन्हा येतात आणि विद्यार्थ्याला बदल दिसतो. प्रत्येक ठिकाणी निदान एक मानसशास्त्रज्ञाचे पद भरावे. ते नसेल तर विद्यार्थी पाठवू नयेत. आणि विद्यावेतन, थोडे का होईना, द्यावे.

विद्यार्थ्यांनीही शुल्क भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पर्यवेक्षक कोण आणि त्यांची नोंदणी कुठे? चर्चा आठवड्यातून किती वेळा? रुग्ण प्रत्यक्ष भेटणार की फक्त व्हिडीओ? अडचण आली तर त्या क्षणी कोणाला बोलवायचे? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती जागा सोडलेली बरी.

देशातील मानसिक आजार असलेल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत, असे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) आढळले होते. ही दरी भरायला माणसे हवीत, यावर सर्वांचे एकमत आहे. पण माणसे प्रमाणपत्राने तयार होत नाहीत. रुग्णाच्या खाटेशेजारी एक स्टूल आणि विद्यार्थ्यामागे एक जाणता शिक्षक, एवढी सोय झाली तरी सुरुवात होईल. दारे उघडायची आहेत ती रुग्णालयांनी, आणि तसे सांगायचे आहे ते सरकारने.